युरेल ग्लोबल पास, तीन महिने वापरून: भाडं वाचतं, रिझर्व्हेशन पैसे खातं

पास म्हणजे युरोपभरच्या रेल्वेगाड्यांचं एकच सामाईक तिकीट, हे बहुतेकांना माहीत आहे, म्हणून थेट खिशाकडे वळतो. ३३ देश एका पासात, हे खरं. पण बजेटच्या कागदावर पासखाली रिझर्व्हेशनची, म्हणजे गाडीत जागा राखण्याच्या फीची, वेगळी ओळ लिहावी लागते, आणि डोकं फिरतं ते तिथे.

फ्रान्समधल्या टीजीव्ही या वेगवान गाडीला साधारण १० ते २० युरो, लंडन-पॅरिसच्या युरोस्टारला तीसच्या वर, स्पेनच्या एव्हे या वेगवान गाडीला दहाच्या आसपास. सगळं माणशी आणि दर गाडीला. पासच्याच साइटवरून काढलं की वर माणशी २ युरो. ४ ते ११ वर्षांच्या मुलांचा पास फुकट म्हणून खूश व्हायचं, तर त्यांचंही रिझर्व्हेशन भरावंच लागतं. चौघांचं पॅरिस ते लियाँ १५ युरोंनी धरलं तरी एका दुपारचे ६० गेले. त्यात युरोस्टारमध्ये पासवाल्यांचा कोटा ठरलेला. तो संपला की गाडीत जागा असूनही पूर्ण तिकीट काढा. याला मोकळा प्रवास म्हणणाऱ्याला साष्टांग नमस्कार.

फ्रान्स-स्पेनपुरतं माझं मत 'पास नको' असंच होतं आणि तिथे ते कायम आहे. आल्प्सकडे सरकल्यावर मात्र बदललं. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडमध्ये बहुतेक दिवसाच्या गाड्यांना रिझर्व्हेशन सक्तीचं नाही. ग्लेशियर एक्सप्रेस, बर्निना एक्सप्रेस या स्वित्झर्लंडच्या पर्यटक गाड्यांना जादा पैसे पडतात, पण त्याच रुळांवरून साध्या लोकल गाड्या धावतात. डोंगर तेच, फी शून्य, शिवाय खिडकी उघडण्याची शक्यता जास्त. इटलीत मिलान ते व्हेनिस वेरोनाला गाडी बदलून रेजिओनालेने, म्हणजे साध्या प्रादेशिक गाडीने, जा. तासभर जास्त लागतो, रिझर्व्हेशन लागत नाही.

हिशेब असा करा: पासची किंमत भागिले खरे प्रवासाचे दिवस, अधिक त्या दिवसाचं रिझर्व्हेशन. ४०० युरोंचा ७ दिवसांचा पास म्हणजे दिवसाला ५७. दोन-तीन महिने आधी काढलेलं स्वस्त तिकीट याखाली मिळत असेल, तर तो दिवस पासात घालू नका. दोन-दोन तासांच्या फेऱ्यांवर दिवस जाळणं म्हणजे शुद्ध उधळपट्टी.

पैसे भरताना बँकेचं कार्ड तपासा. ३.५ टक्के मार्कअप (परकीय चलनातल्या खर्चावर बँक लावते तो आकार) आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरला तर ४०० युरोंवर १६ युरोंहून जास्त उडतात. झीरो मार्कअप कार्ड इथेच वसूल होतं.

ॲपमध्ये गाडी 'माय ट्रिप'मध्ये टाकून पासला जोडायची, मग क्यूआर येतो. फ्लेक्सी पास (ठरलेल्या मुदतीत मोजकेच प्रवासाचे दिवस देणारा) असेल तर हे आदल्या रात्री उरकू नका. दिवस उजाडला की तो खर्ची पडलेला धरतात, बेत रद्द झाला तरी. गाडीत चढण्याआधी फलाटावर करा, आणि चढल्यावर नेट मिळेल या भरवशावर राहू नका. रात्रीच्या गाडीला फक्त निघण्याचा दिवस लागतो, मात्र मध्यरात्रीनंतर गाडी बदलली की दुसराही जातो.

आणखी एक. १ मेपासूनचा तीन महिन्यांचा पास ३१ जुलैला संपतो, म्हणजे ९२ दिवस. शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं, आणि व्हिसावर त्याहून कमी लिहिले असतील तर तेवढेच. उरलेले ब्रिटनमध्ये काढू म्हणाल, तर पास तिथे चालतो, पण व्हिसा वेगळा आणि त्याची फीही वेगळी.