वाय-फाय स्मार्ट प्लग: आठ महिन्यांनंतर, आणि ‘ऑफलाइन’ दिसल्यावर रीसेटच्या आधी काय बघायचं

स्मार्ट प्लग म्हणजे सॉकेट आणि उपकरण यांच्या मधे बसणारा, फोनवरून चालू-बंद करता येणारा प्लग. माझ्याकडे १६ अँपिअरचे तीन (दोन गीझर, एक वॉशिंग मशीन) आणि १० अँपिअरचे तीन (टीव्ही, वॉटर प्युरिफायर, डासांचं मशीन). टू-बीएचके फ्लॅट, हॉलमध्ये एकच राउटर, आणि सगळे प्लग एकत्र चालवायला रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवरचं होम असिस्टंट हे सॉफ्टवेअर. आठ महिन्यांचा हिशेब असा की चालू-बंद करायला प्लग उत्तम, युनिट मोजायला बरे आणि कनेक्शनच्या बाबतीत लहरी. त्यातली निम्मी लहर मात्र प्लगची नसतेच.

‘ऑफलाइन’ दिसलं की हात आधी बटणाकडे जातो. पाच सेकंद दाबलं की रीसेट. काम तिथेच वाढतं. टुया पद्धतीचा (अनेक ब्रँड वापरतात त्या टुया कंपनीच्या यंत्रणेवरचा) प्लग नव्याने जोडला की त्याची लोकल की, म्हणजे घरातल्या नेटवर्कवरून त्याच्याशी थेट बोलायची गुप्त किल्ली, बदलते. मग अ‍ॅपमध्ये तो हसतखेळत परत येतो आणि होम असिस्टंटमध्ये ‘अनअव्हेलेबल’ म्हणून पडून राहतो. नवी की काढून भरल्याशिवाय तो उठत नाही. म्हणून रीसेट सगळ्यात शेवटी.

आधी राउटरच्या पानावर जाऊन जोडलेल्या उपकरणांची यादी उघडा. प्लगचा मॅक अ‍ॅड्रेस (प्रत्येक उपकरणाचा स्वतःचा कायमचा क्रमांक) तिथे दिसत नसेल तर भानगड वाय-फायची. दिसतोय पण अ‍ॅप ऑफलाइन म्हणतं, तर इंटरनेट किंवा कंपनीचा सर्व्हर. अ‍ॅप चालतंय आणि फक्त होम असिस्टंट रुसलंय, तर बदललेला आयपी (राउटरने प्लगला दिलेला नेटवर्कवरचा पत्ता) किंवा लोकल की. आयपी बदलण्याचं दुखणं कायमचं घालवायचं तर राउटरच्या डीएचसीपी रिझर्व्हेशनमध्ये प्रत्येक प्लगला एक आयपी बांधून द्या. सहा प्लगना दहा मिनिटं लागतात. हे पहिल्याच दिवशी करायला हवं.

आता वाय-फाय. हे प्लग फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. आजकालचे राउटर २.४ आणि ५ला एकच नाव देतात. जोडताना फोन ५वर असला की काही अ‍ॅप तिथेच अडखळतात. दोन्ही बँडना वेगळी नावं द्या, निदान जोडणी होईपर्यंत तरी. राउटरमधली वाय-फायची सुरक्षा ‘फक्त डब्ल्यूपीए३’ या नव्या प्रकारावर असेल तर जुन्या चिपचे प्लग आत येतच नाहीत, डब्ल्यूपीए२ किंवा मिश्र पर्याय ठेवा. चॅनेल ‘ऑटो’वर सोडू नका. १, ६ किंवा ११ यांपैकी शेजाऱ्यांची गर्दी कमी असेल तो घ्या आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. राउटर स्वतःहून १२ किंवा १३ वर गेला तर काही प्लगना तो दिसेनासा होतो. जोडताना फोनमधलं व्हीपीएन बंद ठेवा आणि अ‍ॅपला लोकेशनची परवानगी द्या. अँड्रॉइडवर ती नसेल तर अ‍ॅपला आसपासची वाय-फाय नेटवर्कं दिसत नाहीत. गेस्ट नेटवर्कवर (पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वाय-फायवर) प्लग टाकण्याची कल्पना चांगली, पण तिथे बहुधा उपकरणांना एकमेकांशी बोलू दिलं जात नाही, मग होम असिस्टंट त्यांच्यापर्यंत पोचणार कसं?

सिग्नल किती, हे अंदाजाने ठरवू नका. बऱ्याच प्लगच्या माहितीत आरएसएसआय, म्हणजे सिग्नलच्या ताकदीचा उणे आकडा, दिसतो; तो शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला. उणे ६५ किंवा त्याहून चांगला असेल तर निर्धास्त. उणे ७५ च्या खाली प्लग दिवसातून एक-दोनदा गळतो आणि उणे ८० ला तो जोडलेला आहे एवढंच म्हणायचं. गीझरचा पॉइंट इथे हमखास नापास होतो. आरसीसीची भिंत, टाइल्स आणि शेजारी पाण्याने भरलेली धातूची टाकी, तिन्ही सिग्नल गिळतात. राउटर टीव्हीच्या मागून काढून उंचावर, मोकळ्यावर ठेवल्याने जो फरक पडतो तो महागड्या प्लगनेही पडत नाही. फ्रिजच्या मागचा पॉइंट असेल तर प्लगचा नाद सोडा.

दोष राउटरचा की प्लगचा, हे ठरवायला एक सोपी युक्ती आहे. घरचा राउटर बंद करा आणि फोनवर २.४ गिगाहर्ट्झचा हॉटस्पॉट सुरू करा, नाव आणि पासवर्ड अक्षरन् अक्षर घरच्या वाय-फायचाच. प्लग आपणहून जोडला जातो आणि तासभर टिकला तर प्लग ठणठणीत आहे. नवा राउटर घेतानाही हेच लक्षात ठेवा. जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड ठेवला, कॅपिटल-स्मॉल अक्षरांसकट, तर एकही प्लग नव्याने जोडावा लागत नाही.

सगळ्यात जास्त त्रास लाइट जाऊन आल्यावर. प्लग पाच-सात सेकंदांत जागा होतो, राउटर आणि फायबरचा डबा यांना दोन-तीन मिनिटं लागतात. चांगला प्लग तोवर पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. स्वस्तातला काही प्रयत्नांनंतर थकून बसतो आणि बोर्डाचं बटण बंद-चालू केल्यावरच शुद्धीवर येतो. उपाय प्लगमध्ये नाही, राउटरला १२ व्होल्टचा मिनी यूपीएस लावण्यात आहे. राउटरच्या अ‍ॅडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचूनच तो घ्या. कंपनीच्या सॉफ्टवेअरऐवजी टास्मोटा हे मोफत सॉफ्टवेअर टाकलेला प्लग असेल तर आणखी एक गोम. लाइट पटापट सहा वेळा गेली-आली आणि सातव्यांदा टिकली तर टास्मोटा स्वतःला मूळ स्थितीत नेतो. जिथे वीज अशी डोळे मिचकावते तिथे टास्मोटातली ‘सेटऑप्शन६५’ ही सेटिंग १ करून ठेवा, म्हणजे हे होत नाही.

यातला गीझरचा भाग मात्र नीट समजून घ्यावा. प्लगमध्ये बॅटरीवरचं घड्याळ नसतं, वेळ तो इंटरनेटवरून घेतो. पहाटे चारला लाइट जाऊन आली आणि नेट आलंच नाही, तर साडेपाचचं शेड्यूल चालत नाही. पाणी गार मिळेल, फार तर वैताग. खरा धोका उलट बाजूने. साडेपाचला गीझर सुरू झाला, सहाला बंद व्हायचा होता आणि त्याआधीच लाइट जाऊन आली, नेट मात्र आलं नाही. प्लगची सेटिंग ‘आधीची स्थिती’ असेल तर गीझर परत सुरू, आणि बंद करायची वेळ प्लगला कळतच नाही. टाकीचा थर्मोस्टॅट पाणी उकळू देणार नाही, पण मीटर पळत राहील. म्हणून गीझरसाठी ‘लाइट आल्यावर बंद’ हीच सेटिंग. बंद होण्याचं काम शेड्यूलवर न टाकता प्लगमधल्या काउंटडाउनवर किंवा इंचिंगवर (चालू झाल्यावर ठरावीक वेळाने आपोआप बंद होण्याची सोय) टाका, त्याला खरी वेळ लागत नाही. १५ लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर न्यायला २००० वॅटच्या गीझरला १८ मिनिटं लागतात, तेव्हा २५ मिनिटं पुरे.

कधी कधी दुखणं कनेक्शनचं वाटतं आणि नसतं. अ‍ॅपमध्ये ‘बंद’, गीझरचा लाल दिवा मात्र चालू. कान देऊन ऐका. प्लगमधून ‘टक’ आवाज येतोय आणि तरी करंट तुटत नाही, तर रिलेचे (प्लगच्या आतल्या विजेवर चालणाऱ्या स्विचचे) कॉन्टॅक्ट चिकटलेत. तो प्लग काढून फेका, ठोकून पुन्हा वापरू नका. पाण्याची मोटर सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट करंट ओढते, म्हणून ती थेट प्लगवर नको. मधे कॉन्टॅक्टर (जास्त करंट झेलणारा मोठा स्विच, जो आतल्या कॉइलला वीज दिली की चालू होतो) घ्या आणि प्लगने फक्त त्याची कॉइल चालवा.

२००० वॅटला २३० व्होल्टवर जेमतेम ८.७ अँपिअर लागतात, १६चा प्लग सहज झेपवतो. वितळतो तो ढिल्या सॉकेटमुळे. वीस मिनिटांनी गीझर बंद करून प्लग काढा. पितळी पिना हात लावता येणार नाही इतक्या तापल्या असतील किंवा सॉकेटच्या भोकांभोवती तपकिरी डाग असेल, तर आधी सॉकेट बदला, वाय-फाय नंतर बघा.