प्रोजेक्टसाठी कोणता अँटिपोर्टर घ्यावा: एनएचएए की सीएलसी-ईसी१?

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी 'मोटिफमधलं एक अमिनो आम्ल बदलायचं आणि काय होतं ते बघायचं' (मोटिफ म्हणजे नात्यातल्या प्रोटीनांत टिकून राहिलेला अमिनो आम्लांचा छोटा तुकडा) असा बेत घेऊन कुणी आलं की मी आधी विचारते, हातात महिने किती आहेत? प्रोटीन शुद्ध करून लायपोसोममध्ये (चरबीच्या कृत्रिम बुडबुड्यांत) बसवायची सोय आहे का? या दोन उत्तरांवर निम्मी निवड होऊन जाते.

अँटिपोर्टर म्हणजे पेशीच्या पटलातलं असं प्रोटीन, जे एक आयन एका बाजूला नेतं आणि बदल्यात दुसरा उलट बाजूला. दोन्ही उमेदवार ई. कोलाय या जिवाणूतलेच. एनएचएए सोडियम बाहेर काढतो, बदल्यात प्रोटॉन आत घेतो. सीएलसी-ईसी१ क्लोराइड आणि प्रोटॉनची अदलाबदल करतो. हिशेब दोघांचा दोनास एक, पण उलटसुलट: पहिल्यात एका सोडियममागे २ प्रोटॉन, दुसऱ्यात एका प्रोटॉनमागे २ क्लोराइड.

कागदावर सीएलसी जास्त देखणा. त्याचे मोटिफ अनुक्रमात सरळ वाचता येतात (एक अक्षर म्हणजे एक अमिनो आम्ल): जीएसजीआयपी, जीआरईजीपी, जीआयएफएपी. अलाइनमेंट लावली, म्हणजे नात्यातल्या प्रोटीनांचे अनुक्रम जुळवून मांडले, की तिन्ही तुकडे एकाखाली एक येतात. मधल्या तुकड्यातला 'ई' म्हणजे १४८ व्या जागचं ग्लुटामेट. क्लोराइड जिथे बसायचा तिथेच याची साखळी आडवी पडलेली असते. ती हलली की वाट मोकळी होते, आणि प्रोटॉनही तीच उचलते. तिच्या जागी अ‍ॅलानिन घातलं तर क्लोराइड वाहत राहतो, प्रोटॉनशी असलेली सांगड मात्र तुटते.

पण या देखणेपणाला भुलू नका. २००२ साली मॅकिनन यांच्या प्रयोगशाळेतून या प्रोटीनची रचना आली तेव्हा सगळे त्याला चॅनेलच (आयन नुसते वाहू देणारी वाट) समजत होते. अकार्डी आणि मिलर यांनी २००४ मध्ये दाखवलं की हा अदलाबदल करणारा आहे. म्हणजे अणूंच्या जागा डोळ्यांसमोर असूनही काम ओळखता आलं नव्हतं! आपल्या स्नायूंमधला सीएलसी-१ खराखुरा चॅनेल आहे, तरी १४८ च्या जागचं ग्लुटामेट त्याच्यातही आहे. फरक दिसतो तो २०३ व्या जागी: ईसी१ मध्ये ग्लुटामेट, चॅनेलांत व्हॅलिन. चला, खूण सापडली म्हणावं, तर सिट्रोबॅक्टर या जिवाणूमधल्या एका सीएलसीत त्या जागी आयसोल्यूसिन आहे आणि तो तरीही प्रोटॉन नेतो. मोटिफवरून घराणं कळतं. धंदा कळेलच असं नाही.

एनएचएएत उलट आहे. इथला मोटिफ म्हणजे शेजारी शेजारी बसलेले दोन अ‍ॅस्पार्टेट, १६३ आणि १६४. नुसते 'डीडी' (डी म्हणजे अ‍ॅस्पार्टेट) शोधायला गेलात तर कुठल्याही प्रोटीनमध्ये ढिगाने मिळतील. यांना किंमत आली ती जागेमुळे. २००५ साली रचना आली त्यात दिसतं की चौथं आणि अकरावं हेलिक्स (प्रोटीनच्या साखळीचं वेटोळं) पटलाच्या मधोमध तुटलेलं आहे आणि तुटलेले भाग एकमेकांवरून फुलीसारखे जातात. तिथे हेलिक्सची उघडी टोकं समोरासमोर येतात. त्यांचा भार १३३ वा अ‍ॅस्पार्टेट आणि ३०० वा लायसिन सावरून धरतात. आपली जोडी या फुलीला लागूनच.

याच्या नात्यातल्या एनएचएपी प्रोटीनांत जोडीतल्या पहिल्या अ‍ॅस्पार्टेटच्या जागी अ‍ॅस्पार्जिन असतं आणि व्यवहार एकास एक होतो. लगेच मोह होतो, आपणही १६३ ला अ‍ॅस्पार्जिन करू! केलं तर प्रोटीन बंद पडतं. थर्मस थर्मोफिलस या जिवाणूच्या नॅपए या अँटिपोर्टरमध्ये मात्र ३०० व्या लायसिनशी जुळणाऱ्या लायसिनच्या (तिथे क्रमांक ३०५) जागी ग्लुटामिन घातल्यावर व्यवहार विद्युतदृष्ट्या तटस्थ झाला, म्हणजे भाराची निव्वळ ने-आण थांबली. प्रोजेक्टला प्रश्न हवा असेल तर तो इथे आहे.

आता हाताचं काम. सीएलसीसाठी प्रोटीन डिटर्जंटमध्ये काढा, लायपोसोममध्ये बसवा, आत पोटॅशियम क्लोराइड भरा, मग व्हॅलिनोमायसिन आणि एफसीसीपी (पटलातून अनुक्रमे पोटॅशियम आणि प्रोटॉनला वाट देणारी रसायनं) टाकून बाहेर येणारा क्लोराइड इलेक्ट्रोडवर मोजा. आकडे सुरेख मिळतात, पण हात बसेपर्यंत सेमिस्टर संपतं. एनएचएएला ईपी४३२ हा ई. कोलायचा स्ट्रेन (वाण) आहे, ज्यात एनएचएए आणि एनएचएबी हा दुसरा सोडियम अँटिपोर्टर, दोन्ही काढलेले आहेत. ०.६ मोलर मिठाच्या प्लेटवर तो वाढत नाही; त्यात घातलेला तुमचा म्युटंट (बदललेला एनएचएए) चालत असेल तर सकाळी कॉलन्या दिसतात. पुढे जायचं असेल तर पेशी फोडून उलट्या व्हेसिकल्स (आतली बाजू बाहेर आलेले पटलाचे बुडबुडे) करा, अ‍ॅक्रिडिन ऑरेंज घाला; व्हेसिकलच्या आत आम्ल वाढलं की या रंगाची चमक कमी होते. लॅक्टेट टाकताच चमक खाली जाते, मीठ टाकलं की परत वर येते. ती रेघ वर चढताना एकदा पाहिली की अदलाबदल म्हणजे काय ते कुणी समजावून सांगावं लागत नाही.

एमआरई हा तिसरा पर्यायही कुणीतरी सुचवतंच. ११० अमिनो आम्लं, एकच मुख्य ग्लुटामेट १४, छोटा आणि गोड. पण तो प्रोटॉनच्या बदल्यात इथिडियमसारखी औषधी रसायनं बाहेर टाकतो. आयनांच्या विषयात ओढूनताणून बसवावा लागतो.

फक्त संगणकावर काम करायचं असेल तर मी सीएलसी देईन, अलाइनमेंटमध्ये खोदायला भरपूर आहे. प्लेट आणि पिपेट हातात असतील तर एनएचएए, दुसरा विचार नको. प्लेटा पीएच ७ वरच थांबवू नका, ८.३ वरही लावा. हा प्रोटीन ६.५ च्या खाली झोपलेलाच असतो आणि काही म्युटंट फक्त अल्कलीतच उघडे पडतात. आणि प्लाझ्मिड अ‍ॅम्पिसिलिनवाला घ्या. ईपी४३२ मध्ये कॅनामायसिन आणि क्लोरॅम्फेनिकॉल दोन्हींना दाद न देणारे मार्कर आधीच बसलेले आहेत. मी पहिल्यांदा कॅनामायसिनवाला प्लाझ्मिड घातला होता. प्लेट काठोकाठ भरली, आणि दोन दिवस मी खुशीत होते.