पंचवटीतील नागलीचे सत्त्व: साधे जरूर घ्यावे, मिश्रण घेऊ नये

बाळाला सहा महिने पूर्ण झाले की उष्टावणासाठी सराफ बाजारातून चांदीची वाटी येते, पण दुसऱ्या दिवसापासून त्या वाटीत काय घालायचे हा प्रश्न घरोघरी उरतोच. नाशिकमध्ये त्याचे पहिले उत्तर बहुधा नागली, म्हणजेच नाचणी, हे असते, कारण सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी या पश्चिमेकडच्या डोंगराळ तालुक्यांत ती पिकते. पंचवटीतील घरगुती पिठांच्या एका लहानशा दुकानातून आम्ही मुलीसाठी नागलीचे सत्त्व आणतो. तेथे साधे सत्त्व मिळते आणि खास बाळांसाठी म्हणून सुक्या मेव्याचे मिश्रणही मिळते. साधे सत्त्व मी निःसंकोच सुचवेन. मिश्रण मात्र वर्षाच्या आतील बाळासाठी कोणी घेऊ नये.

नागली भिजवून, कापडात बांधून तिला मोड आणतात, सावलीत वाळवतात, हलकी भाजून दळतात आणि पीठ वस्त्रगाळ करतात. या खटाटोपात महत्त्वाचे आहेत ते मोड. मोड येताना धान्यात अमायलेज हे विकर वाढते आणि ते पेज तापत असताना पिष्टाचे विघटन करते. त्यामुळे मोडाच्या पिठाची पेज साध्या पिठाइतकी दाटत नाही आणि तेवढ्याच वाटीत जास्त पीठ, म्हणजेच जास्त ऊर्जा मावते. ज्याचे पोट चार-सहा चमच्यांत भरते त्याच्यासाठी हा फरक मोठा आहे. खनिजांच्या शोषणात अडथळा आणणारे फायटेटही मोडांमुळे काही प्रमाणात घटते. येथील पीठ खरोखर मोडाचे असल्याचे पातेल्यातच कळते: गार पाण्यात गुठळ्या न ठेवता कालवून मंद आचेवर ठेवले की ते आधी आळते आणि ढवळता ढवळता सैल पडते. नुसत्या भाजलेल्या पिठाची मात्र खळ होते, आणि ‘सत्त्व’ म्हणून तसले पीठ विकणारेही शहरात आहेत. पेज पाण्यासारखी पातळ करून बाटलीतून पाजण्याचा मोह टाळावा. चमचा तिरका केला तरी चटकन ओघळणार नाही इतकी ती दाट असावी. त्यात घरचे साजूक तूप घातले की आणखी कशाची गरज राहत नाही.

दुकानातील पाटीवर ‘हाडे बळकट, रक्त भरपूर’ असे लिहिले आहे. त्यातील पहिला अर्धा भाग ठीक आहे, कारण १०० ग्रॅम नागलीत सुमारे ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम असते, जे इतर तृणधान्यांच्या कितीतरी पट आहे. रक्ताचा दावा मात्र पटत नाही. १०० ग्रॅममागे लोह साधारण ४.६ मिलिग्रॅम, आणि बाळाच्या वाटीत पीठ जाते जेमतेम १५ ग्रॅम. म्हणजे लोह एक मिलिग्रॅमही भरत नाही, आणि जे असते तेही सगळे शोषले जात नाही. जन्मतः मिळालेला लोहाचा साठा सहाव्या महिन्याच्या सुमारास संपत येतो, त्यामुळे नागलीवर विसंबून राहणे योग्य नाही. मुगाच्या डाळीचे खिमट, त्यावर लिंबाचे चार थेंब, आणि ज्यांना चालते त्यांनी पूर्ण शिजवलेले अंडे हे सुरुवातीच्या काळातच ताटात यायला हवे. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला स्तनपानाबरोबर दिवसातून दोन-तीन वेळा खाणे पुरते. त्यातील एक वेळ नागलीची ठेवली तर वैविध्याला जागा राहते.

आता मिश्रणाविषयी. त्यात काजू, बदाम, खारीक, दूध पावडर आणि खडीसाखर एकत्र दळलेली असते. बाळाच्या अंगावर पुरळ उठले तर यांतील दोष कशाचा, हे कोणालाही सांगता येणार नाही. म्हणूनच नवा पदार्थ एकेकटा, दोन-तीन दिवसांच्या अंतराने द्यायचा असतो. सुका मेवा वर्ज्य नाही, त्याची बारीक पूडही देता येते, पण ओळख वेगवेगळी व्हावी. खडीसाखरेचे तर समर्थनच होऊ शकत नाही, कारण पहिल्या वर्षात साखर आणि मीठ घालू नये असाच बालरोगतज्ज्ञांचा सल्ला असतो. याविषयी विचारले तेव्हा गल्ल्यावरच्या मावशी म्हणाल्या, “गोड नसलं तर लेकरू तोंडात घेत नाही हो ताई.” लेकराने साखर चाखलेलीच नसेल तर ते गोडासाठी अडून बसेल कशाला? मध चालेल का, असे विचारणाऱ्या आजीबाईंना मात्र त्यांनी माझ्यासमोर ठामपणे ‘नाही’ असे सांगितले, याचे कौतुक वाटले. मधातून बॉट्युलिझमचा, म्हणजे जिवाणूंच्या विषामुळे होणाऱ्या गंभीर आजाराचा, धोका असल्याने बाळ वर्षाचे होईपर्यंत तो देऊच नये.

मिश्रणाच्या पुड्यावर गुटगुटीत बाळाचे चित्र आहे. शिशुआहाराच्या वेष्टनावर बाळाचे किंवा आईचे चित्र छापण्यास १९९२ च्या कायद्याने मनाई आहे, आणि ही गोष्ट दुकानदारांना ठाऊक असायला हवी. साध्या सत्त्वाच्या पुड्यावर परवान्याचा चौदा अंकी क्रमांक आहे, पण दळल्याची तारीख नाही. ती विचारून घ्यावी लागते. मोडाचे पीठ ओलावा धरते आणि पावसाळ्यात त्यात लवकर जाळी होते, म्हणून पाव किलोचाच पुडा घ्यावा आणि घरी आणल्यावर घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात काढून ठेवावा. सकाळी गेल्यास ताजे दळण मिळण्याची शक्यता अधिक असते.