रुंद फळी सपाट करायची: रंधा, राउटर, थिकनेसर की करवत?

पडलेल्या झाडाची चिरलेली किंवा जुन्या बांधकामातून निघालेली दीड-दोन फूट रुंद फळी मिळाली की आधी ओलावा तपासा. घरातल्या फर्निचरसाठी तो साधारण ८ ते १२ टक्क्यांवर आलेला बरा. लाकूड वर्षवलयांच्या दिशेने जास्त आटतं, गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेच्या जवळपास दुप्पट, म्हणून सुकताना सालीकडची बाजू खोलगट होते. ओली फळी आज आरशासारखी सपाट केली तरी पुढे वाकणारच. जुन्या लाकडात खिळे असतात. मेटल डिटेक्टर फिरवल्याशिवाय कुठलंही पातं लावू नका.

थिकनेसर, म्हणजे फळी एकसारख्या जाडीला तासणारं मशीन, सगळ्यात झटपट, पण छोट्या वर्कशॉपमधल्या मशीनची रुंदी १२-१३ इंच. त्यात मावणारी फळीही नुसती आत सारून भागत नाही. रोलर तिला दाबून सरळ करतात, पाती वरून तासतात आणि बाहेर येताच ती पुन्हा उसळते. जाडी एकसारखी मिळते, बाक तसाच राहतो. खाली प्लायचा पाट घेऊन पोकळ जागी पाचरी चिकटवल्या तरच पहिली बाजू खरी सपाट होते.

त्याहून रुंद फळीला राउटर, म्हणजे वेगाने फिरणाऱ्या बिटने (कापणाऱ्या टोकाने) लाकूड खरवडणारं मशीन. दोन्ही बाजूंना एका पातळीत बसवलेले रूळ, त्यावर सरकणारा गाडा, फळीखाली पाचरी. पीळ कितीही असो, जमतं, गाठींनाही हे घाबरत नाही. एका फेरीत १-२ मिलिमीटरच काढा. भुसा मात्र बेसुमार उडतो, आवाजही मोठा, आणि बिटच्या खुणा शेवटी घासाव्याच लागतात. रूळ जरा जरी पिळलेले असतील, तर तोच पीळ फळीत उतरतो.

एखाद-दुसरीच फळी असेल तर मी हातरंधाच घेईन. दोन्ही टोकांना दोन सरळ पट्ट्या ठेवून एका डोळ्याने पाहिलं की पीळ लगेच दिसतो. किंचित गोल धारेच्या पात्याने आधी रेषांना आडवा रंधा मारून उंच जागा उतरवायच्या, मग तिरपा, शेवटी उभा. हाडासारख्या कडक लाकडात आणि गाठींवर दमछाक होते, ते मान्य. पण राहून गेलेला खिळा लागला तर पात्याला दगडावर पुन्हा धार लावता येते. राउटरच्या बिटची कार्बाइडची (कडक पण ठिसूळ धातूमिश्रणाची) धार तुटून उडू शकते. शिवाय टेबलाची खालची बाजू पायांच्या सांगाड्यावर टेकते तेवढीच नीट केली तरी चालतं. मशीनवाले उगाच सगळी खरवडतात.

बाक खोल आणि जाडी कमी असेल, तर फळी मधोमध उभी चिरून दोन्ही अर्धे सपाट करून पुन्हा जोडा. रुंदी निम्मी झाली की बाकाची खोली जवळपास चौथाईवर येते, म्हणजे बरीच जाडी वाचते. अखंड रेषांचा देखावा मात्र सांध्याशी तुटतो; त्यासाठीच फळी जपली असेल तर हा मार्ग नको.

साधन कुठलंही असो, दोन्ही बाजू पूर्ण तासत असाल तर दोन्हीकडून साधारण सारखंच लाकूड काढा. पहिल्या तासणीनंतर काही दिवस मध्ये चिपट्या देऊन रचून ठेवा, मगच शेवटच्या मापाला आणा.