१६५ हर्ट्झच्या स्टिकरखाली ७५ हर्ट्झचा मॉनिटर : माझी झालेली फसवणूक

मॉनिटरचे ७,४०० रुपये, दुकानदाराच्या सांगण्यावरून घेतलेल्या नव्या केबलचे ६५० रुपये आणि तो मॉनिटर पुन्हा दुकानात नेण्या-आणण्याचे रिक्षाभाडे १२० रुपये, असे एकूण ८,१७० रुपये माझे बुडाले आहेत. कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करणाऱ्या माणसाला ही रक्कम लहान नाही. पैशांपेक्षाही जास्त लाज याची वाटते, की संगणक घेताना आमच्या गल्लीतली मुले सल्ला विचारायला माझ्याकडेच येतात.

आम्ही पाच मित्र रात्री व्हॅलोरंट हा नेमबाजीचा ऑनलाइन गेम खेळतो आणि छोट्या-मोठ्या स्पर्धांतही उतरतो. हर्ट्झ म्हणजे पडद्यावरचे चित्र सेकंदाला किती वेळा बदलते तो आकडा. ६० हर्ट्झच्या पडद्यावर चित्र दर १६.७ मिलिसेकंदांनी बदलते, तर १६५ हर्ट्झवर ते साधारण ६ मिलिसेकंदांनी बदलते. भिंतीआडून शत्रू बाहेर येतो तेव्हा तो आधी कोणाला दिसणार, हे काही वेळा एवढ्या फरकावरच ठरते. ज्यांना हा श्रीमंती चोचला वाटतो, त्यांनी एकदा दोन्ही पडदे शेजारी ठेवून पाहावेत.

मला पटणारे नवे मॉनिटर दहा हजारांच्या वर जात होते. कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका दुकानात मात्र २४ इंची, १६५ हर्ट्झ, १ मिलिसेकंद प्रतिसाद-वेळेचा (ठिपक्याचा रंग बदलायला लागणारा वेळ) मॉनिटर ‘मांडणीतला पीस, खोके उघडलेले आहे’ असे सांगून ७,४०० रुपयांना देऊ केला. उघडलेल्या खोक्याचा माल स्वस्त मिळतो ही खरी गोष्ट आहे, त्यामुळे किंमत ऐकून मला शंका आली नाही आणि तेवढ्यापुरती माझी चूक नव्हती, असे मी आजही म्हणतो.

चूक झाली ती पुढच्या अर्ध्या मिनिटात. केबल काढण्यासाठी दुकानदाराने मॉनिटर फिरवला, तेव्हा मागचे निळे व्हीजीए सॉकेट आणि त्याच्या शेजारचे एकुलते एक एचडीएमआय सॉकेट मला स्वच्छ दिसले होते. मॉनिटर संगणकाला जोडण्याची ही जुनी-नवी सॉकेट असतात; त्यांतला डिस्प्लेपोर्ट इथे नव्हताच. स्पर्धेसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या मॉनिटरला डिस्प्लेपोर्ट बहुधा असतोच आणि निळे व्हीजीए ही ऑफिसातल्या जुन्या मॉनिटरची खूण आहे, हे मी स्वतः इतरांना सांगत आलो आहे. ‘डिस्प्लेपोर्ट कुठे आहे?’ हा प्रश्न अगदी ओठांवर आला होता. तेवढ्यात तो म्हणाला, “भावा, शेवटचा पीस हाय. मगाशीच एकजण इसार देतो म्हणत होता.” आणि मी खिशात हात घातला. तो क्षण आठवला की आजही रात्री झोप येत नाही.

५,००० रुपये रोख दिले आणि २,४०० रुपये मोबाइलवरून पाठवले. ते दुकानाच्या नव्हे, कोणा व्यक्तीच्या नावावरच्या खात्यात गेले. पावतीवर फक्त ‘२४ इंची मॉनिटर, १ नग’ एवढेच लिहिले होते. पावतीवर मॉडेल क्रमांक, हर्ट्झ आणि जीएसटी क्रमांक लिहून घेतल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.

घरी विंडोजच्या ॲडव्हान्स्ड डिस्प्ले या सेटिंगमध्ये हर्ट्झचा आकडा ७५ च्या वर जाईचना. फोन केला तर केबल बदला म्हणाले. जुन्या एचडीएमआयमुळे हर्ट्झ कमी मिळू शकतात हे अर्धसत्य असल्यामुळे मी ६५० रुपये घालवले. मग ग्राफिक्स कार्डाच्या सेटिंगमध्ये १६५ टाकायला सांगितले, तेव्हा पडदा काळा पडला आणि ‘आउट ऑफ रेंज’ अशी अक्षरे आली. मग तीन दिवस ‘मालक बाहेरगावी’ होते. आठव्या दिवशी मॉनिटर घेऊन गेलो, तर बदलून देण्याची सात दिवसांची मुदत संपली असे सांगण्यात आले. सगळी टोलवाटोलवी त्यासाठीच होती.

त्या रात्री मागचे स्टिकर नखाने उचकटले. खाली कंपनीचे मूळ लेबल होते, त्यावर वेगळाच मॉडेल क्रमांक होता आणि उत्पादनाचे साल २०१८ होते. कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलपुढे ७५ हर्ट्झ लिहिलेले आहे. दुकानातच स्टिकरच्या कडेवरून नख फिरवा. त्यावरचा ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बीआयएस (भारतीय मानक ब्यूरो) केअर ॲपवर तपासा. दुकानात चालू असलेल्या व्हिडिओवरून काही कळत नाही, कारण बहुतेक व्हिडिओ सेकंदाला ३० किंवा ६० फ्रेमचेच (चित्रांचेच) असतात. दुकानदाराला सेटिंग उघडून आकडा दाखवायला लावा. ‘१ मिलिसेकंद’ या अक्षरांवर तर अजिबात जाऊ नका, कारण तो आकडा मोजण्याच्या निरनिराळ्या पद्धती आहेत आणि त्याचा हर्ट्झशी संबंध नाही.

पोलीस ठाण्यात गेलो तर ‘हर्ट्झ म्हणजे काय’ इथपासून सुरुवात झाली आणि गेमसाठी घेतला म्हटल्यावर दोघेजण माझ्या तोंडावर हसले. हा दिवाणी मामला आहे असे सांगितले. खोटे लेबल लावून माल विकणे ही फसवणूक नसेल तर फसवणूक कशाला म्हणायचे, असे मी विचारले, तेव्हा पैसे मोबाइलवरून गेले आहेत म्हणून मला सायबर पोलिसांकडे पाठवण्यात आले. तिथे सांगितले, की दुकानात उभे राहून तुम्हीच पैसे दिलेत, हे आमच्याकडे येत नाही. परत ठाण्यात आलो तर साहेब बंदोबस्ताला गेले होते. अर्ध्या पगारी रजा टाकून मी तीन वेळा खेटे घातले आणि शेवटी अर्जावर पोच द्यायलासुद्धा तासभर कुरकुर झाली. चोराने एकदाच लुबाडले. पण ज्यांच्याकडे दाद मागायची, त्यांनी प्रत्येक वेळी मलाच गुन्हेगारासारखे उभे केले. सही-शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.

एका वकिलांनी ५,००० रुपये फी सांगितली. परंतु जिल्हा ग्राहक आयोगात वकील सक्तीचा नाही, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि तक्रारीसाठी दोन वर्षांची मुदत असते, हे मला फार उशिरा समजले. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते. मी पावती, दोन्ही लेबलांची छायाचित्रे आणि दुकानदाराला केलेल्या अकरा फोनची यादी जोडून आयोगाकडे तक्रार दाखल केली आहे. मॉनिटर त्याच खोक्यात ठेवला आहे. स्टिकर अर्धेच उचकटले आहे आणि सुनावणीत ते तसेच दाखवायचे असल्यामुळे घरात कोणालाही त्याला हात लावू देत नाही.