ई-पेपरची वर्गणी: अ‍ॅपला साडेचार, पेपरला अडीच

वर्षभराची वर्गणी भरून एका दैनिकाचा ई-पेपर रोज वाचतोय. गुण दोन भागांत द्यावे लागतायत, कारण अ‍ॅप आणि पेपर यांची गत अगदी वेगळी आहे.

अ‍ॅप छान आहे. पान झटकन उघडतं, अक्षर मोठं होतं, जुने अंक तारखेनुसार सापडतात. वर्गणी बंद करायचं बटणसुद्धा लपवलेलं नाही.

पेपरचं मात्र वाईट वाटतं. मी बरीच वर्षं डेस्कवर, म्हणजे बातम्या तपासून पान तयार होतं तिथे, उपसंपादक होतो, त्यामुळे नजर आधी जाते ती बातमी कोणी दिली तिथे. स्थानिक पानावर पूर्वी बातमीदारांची नावं असायची. आता बहुतेक ठिकाणी नुसतं ‘प्रतिनिधी’ असतं आणि खालचा मजकूर पालिकेच्या प्रसिद्धिपत्रकाशी शब्दाला शब्द जुळतो. मध्यंतरी रस्तारुंदीची बातमी होती. मथळ्यात 18 मीटर, मजकुरात 12. ज्याचं घर त्या रस्त्याला लागून आहे त्याचं फक्त कुंपण जाणार की पुढची खोलीही, हे त्या सहा मीटरांवर ठरतं. डेस्कवर माणूस असता तर त्याने रात्रीच बातमीदाराला फोन लावून आकडा पक्का केला असता, मगच पान सोडलं असतं. मी अ‍ॅपमधून चूक कळवली. आभाराचा ठरावीक मेल आला, बातमी आजही तशीच आहे.

याच पेपरात नोकरकपात झाली तेव्हा त्या बातमीखाली वाचकांनी लिहिलं होतं, “बरं झालं, सगळे विकले गेलेत.” ते मला फार लागलं. पत्रकारितेवरचा राग निराधार आहे असं मी म्हणणार नाही. पण हा राग बहुतेकदा टीव्हीवरच्या आरडाओरड्याचा असतो आणि घरी जातो तो कोर्टात दिवसभर बसणारा, पालिकेची सभा शेवटपर्यंत ऐकणारा माणूस. त्याला कोणी ओळखतही नसतं.

दुसरा गैरसमज म्हणजे पेपरवाल्यांचं बरं चाललंय हा. अमेरिकेत प्यू रिसर्च सेंटर या सर्वेक्षण करणाऱ्या संस्थेने 2018 च्या शेवटी लोकांना विचारलं, तर 71 टक्के म्हणाले की आमच्याकडच्या स्थानिक बातम्या देणाऱ्या संस्थांची आर्थिक स्थिती चांगली आहे. वर्षभरात स्थानिक बातम्यांसाठी स्वतः पैसे दिलेले होते फक्त 14 टक्के. प्रत्यक्षात तिथल्या वृत्तपत्रांच्या संपादकीय विभागांत 2008 साली सुमारे 71 हजार माणसं होती, 2020 साली सुमारे 31 हजार उरली. छोट्या जाहिराती इंटरनेटवर गेल्या, मोठ्या जाहिराती गूगल-फेसबुककडे, आणि पगार ज्या पैशातून निघायचे तो पैसाच आटला.

माणूस नसला की काय होतं ते बेलमध्ये दिसलं. कॅलिफोर्नियातलं हे छोटं, गरीब शहर. तिथला मुख्य प्रशासक वर्षाला जवळपास 8 लाख डॉलर पगार घेत होता आणि हे बाहेर आलं 2010 मध्ये, लॉस एंजेलिस टाइम्सच्या बातमीदारांनी कागदपत्रं मागवली तेव्हा. तोवर तिथल्या सभांना नियमित बसणारा बातमीदारच नव्हता. ‘बरं झालं’ लिहिणाऱ्यांनी ही हकीकत जरूर वाचावी.

वर्गणी मी पुन्हा भरली आहे, कारण कोर्टाच्या बातम्यांचं काम सांभाळणारी एक बातमीदार अजून तिथे आहे आणि तिच्या बातमीत खटल्याचा क्रमांक, पुढची तारीख, दोन्ही बाजूंचं म्हणणं, सगळं असतं. अडीच गुण बरेचसे तिचेच. नुसत्या ताज्या घडामोडी हव्या असतील तर ही वर्गणी घेऊ नका, त्या फुकट मिळतात. आपल्या भागातल्या बातम्यांसाठी घेणार असाल तर आधी आठवडाभराचे अंक उघडून स्थानिक पानावर किती बातम्यांना नाव आहे ते पाहा. व्यवस्थापनाला मी कळवलंय की अ‍ॅपच्या पुढच्या सुधारणेवर खर्च करण्याआधी पालिकेच्या सभेला एक माणूस पाठवा. त्यासाठी वर्गणी वाढवली तरी मी भरेन.