बेस६४ कमांड: आठ महिने वापरल्यानंतर

आमच्या एका ग्राहकाची सिस्टीम बिलांच्या पीडीएफ सरळ पाठवत नाही. टेक्स्ट फाईल येते आणि आत अक्षरांचा नुसता भुगा असतो. हा भुगा म्हणजे बेस६४, कुठलीही फाईल साध्या अक्षरांत लिहायची पद्धत. त्यातून परत पीडीएफ काढायच्या, आठवड्याला दीड-दोनशे. आधी ऑफिसातला एक मुलगा तो भुगा कुठल्याशा वेबसाइटवर चिकटवून पीडीएफ उतरवून घ्यायचा. लोकांची बिलं अनोळखी साइटवर टाकणं मला पटेना, म्हणून लिनक्सवर आयती मिळणारी बेस६४ कमांड धरली. कमांडचं नाव, डॅश डी (म्हणजे उलगड), फाईलचं नाव, मोठ्याचं चिन्ह, नव्या फाईलचं नाव. झालं काम.

मोठ्याचं चिन्ह पहिल्याच आठवड्यात नडलं. घाईत दोन्हीकडे एकच नाव टाईप केलं. शेल, म्हणजे कमांड चालवणारा प्रोग्रॅम, आधी पुढची फाईल कोरी करतो आणि कमांड नंतर चालवतो, त्यामुळे मूळ फाईल शून्य बाइटची. ग्राहकाला फोन करून परत मागवावी लागली. दोष कमांडचा नाही, पण शिव्या तिलाच पडल्या.

वेगाबद्दल तक्रार नाही. हिशेबही साधा आहे: तीन बाइटची चार अक्षरं होतात, म्हणून तीन एमबीची पीडीएफ चार एमबीचा मजकूर होऊन येते आणि उलट करताना तेवढीच आटते. सवय झाली की भुगा वाचताही येतो. सुरुवातीला कॅपिटल जे, व्ही, बी, ई, आर दिसलं की पीडीएफ. तिरकी रेघ, नऊ, लहान जे, परत तिरकी रेघ असेल तर जेपीईजी. मराठीची गंमत तर मला फार उशिरा कळली. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे संगणक मजकूर ज्या पद्धतीने साठवतो तिच्यात, आपलं प्रत्येक अक्षर, मात्रा, हलन्त तीन-तीन बाइटचा असतो, म्हणजे बेस६४ मध्ये बरोबर चार अक्षरं. त्यामुळे मराठी शब्दाने सुरू होणारा मजकूर 'चार, के, एस' किंवा 'चार, के, डब्ल्यू' असा ठेका धरतो. 'म' म्हणजे चार, के, एस आणि लहान यू. पहिली स्पेस आली की ठेका चुकतो, कारण स्पेस एकाच बाइटची.

आता रडगाणं. विंडोजवर उघडून सेव्ह केलेली फाईल दिली की कमांड 'इनव्हॅलिड इनपुट' म्हणून हात वर करते. ओळीच्या शेवटी विंडोज जे जास्तीचं अदृश्य कॅरेज रिटर्न ठेवतं, ते तिला चालत नाही. वर तोपर्यंत जेवढं उलगडलं तेवढं फाईलमध्ये तसंच सोडून देते. फोल्डरमध्ये फाईल दिसते, आपण समजतो काम झालं.

यावर इंटरनेटवरचा हमखास सल्ला म्हणजे डॅश आय लावा, कचरा दुर्लक्षित होईल. मीही लावला आणि दोन महिने खूश होतो. मग एका बिलाचं दुसरं पान कोरं निघालं. मूळ फाईल बघितली तर त्यात अधिक आणि तिरक्या रेघेऐवजी हायफन आणि अंडरस्कोर होते. बेस६४ चीच ही दुसरी वर्णमाला, वेब पत्त्यांत चालावी म्हणून केलेली. डॅश आयने ती चिन्हं कचरा समजून गिळली आणि पुढचा सगळा मजकूर सरकला. काही फायलींत शेवटी कुरकुर केली, पण गिळलेली चिन्हं चाराच्या पटीत होती तिथे चकार शब्द नाही! 'फाईल' कमांडने तपासलं तर तीही म्हणते पीडीएफ आहे, कारण ती मुख्यतः सुरुवातच बघते. डॅश आय मी तेव्हापासून काढून टाकला. आता आधी टीआर या अक्षरं बदलणाऱ्या-उडवणाऱ्या कमांडने कॅरेज रिटर्न उडवतो, हायफनचं अधिक आणि अंडरस्कोरची तिरकी रेघ करतो, आणि मगच डॅश डी. तरीही अडली तर अडू दे, निदान कळतं तरी.

मॅकवाल्यांनी एवढंच लक्षात ठेवावं की तिथे डॅश आयचा अर्थच वेगळा, इनपुट फाईल. जुन्या मॅकवर उलगडायला कॅपिटल डी लागायचा. विंडोजवर याच कामाला सर्टयुटिल ही कमांड आहे, एखाद-दुसऱ्या फाईलला पुरतं.

याच काळात घरी एक जुनी सीडी सापडली. तिच्यात आतेभावाच्या ईमेल होत्या, कॉलेजच्या दिवसांतल्या. त्या बेस६४ मध्ये नव्हत्या, 'बिगिन ६४४' आणि पुढे फाईलचं नाव, खाली एम अक्षराने सुरू होणाऱ्या ओळी. हे १९८० चं यूयूएनकोड, फाईल अक्षरांत लिहायची अशीच एक पद्धत, मेरी अ‍ॅन हॉर्टन यांची. प्रत्येक पूर्ण ओळीत ४५ बाइट, आणि ४५ हा आकडा तिथे एम या अक्षराने लिहितात. ते उलगडायला यूयूडिकोड लागतं, ते शारयुटिल्स पॅकेजमधून घेतलं. हे बेस६४ पेक्षा शहाणं वाटलं: वरचा 'कसा आहेस' वगैरे मजकूर ओलांडून बिगिनची ओळ स्वतः शोधतं. फक्त आत लिहिलेल्या नावानेच फाईल बनवतं, आधीची त्याच नावाची असली तरी, म्हणून डॅश ओने नाव आपणच द्यावं.

सात फोटो निघाले. आठव्या ईमेलमध्ये 'एंड'ची ओळच नव्हती, मजकूर मध्येच तुटलेला. यूयूडिकोडने तक्रार केली, पण होतं तेवढं लिहून दिलं. जीआयएफ उघडली. वाड्याचा दरवाजा, दरवाज्यात आजी, आणि कमरेखाली सगळं काळं.